थोरल्याचा अंदाज धाकटीला लावला तेव्हा

होळी होऊन महिना झाला होता. गुजरातला ऊसतोडीला गेलेली कुटुंबं धडगाव तालुक्यातल्या आपापल्या पाड्यांवर परतली होती. आंब्याखाली कैऱ्यांच्या फोडी वाळत घातलेल्या, आमचूरचे दिवस. होळीच्या आठवड्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली होती आणि एचपीएलसीचे, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिनचा कुठला प्रकार किती आहे ते सांगणाऱ्या चाचणीचे, कागद वाटायला आम्ही गेलो होतो. पावरा समाजातली एक बाई दोन मुलांना घेऊन पुढे आली. थोरला आठ वर्षांचा, धाकटी आठ महिन्यांची. दोघांचाही पॅटर्न एसएस, म्हणजे आईबाप दोघांकडून सिकलचं जनुक आलेलं; दोघांना लाल कार्ड. आईबाप दोघे एएस, म्हणजे एक जनुक नेहमीचं (ए) आणि एक सिकलचं (एस) असलेले वाहक, पिवळं कार्ड.

थोरला समोर झाडावर चढून बसला होता. आजवर दोन-तीनदा त्याचे पाय दुखले, एकदा डोळे पिवळे झाले. दवाखान्यात कधी राहावं लागलं नाही, रक्त कधी चढवावं लागलं नाही. आईने पावरीत काहीतरी विचारलं, आशाताईंनी ते मराठीत सांगितलं : “हीपण याच्यासारखीच राहील ना?”

मी कागद पाहिला आणि “हो” म्हणालो. हे सगळं लिहितोय ते त्या एका “हो”साठी. आईबापांनी लिहायला संमती दिली आहे. कुटुंब ओळखू येईल असे तपशील मी बदलले आहेत.

मी “हो” का म्हणालो

सिकलसेलचं मूळ अकराव्या गुणसूत्रावर आहे. बीटा ग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदलतं, प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं, आणि ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते. हिमोग्लोबिनच्या रेणूतच दोष आहे हे रसायनशास्त्रज्ञ लायनस पाउलिंग यांनी 1949 मध्ये दाखवलं. भारतात हा आजार पहिल्यांदा 1952 मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये सापडला. इतकं सगळं स्पष्ट असूनही एसएसच्या दोन मुलांची आयुष्यं सारखी जात नाहीत. एखादं मूल चाळिशीपर्यंत शेतात राबतं, तर एखादं दीड वर्षाचं होत नाही.

आजार किती तीव्र होईल याचा अंदाज बांधताना बालरोगतज्ज्ञाची नजर आधी एफवर जाते. एफ म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन. एसचे रेणू एकमेकांना चिकटून दांडे बनवतात; मध्ये एफ असला की तो ते दांडे बनू देत नाही. एफ जास्त तर त्रास कमी, हे ढोबळमानाने खरं आहे. आपल्याकडच्या सिकलच्या जनुकाशेजारी, त्याच गुणसूत्रावर, एफ चढा ठेवणारा एक बदल बहुधा सोबतच वारशाने येतो. त्याला एक्सएमएन-वन म्हणतात. पूर्व सौदी अरेबियातही हाच प्रकार आढळतो, म्हणून या पार्श्वभूमीला अरब-भारतीय असं नाव पडलं. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत मोठेपणी एफ बहुतेकदा दहा टक्क्यांच्या आत असतो, आपल्याकडे वीसच्या आसपास किंवा वर जातो. ओडिशातल्या रुग्णांवरचं काम 1986 मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्यानंतर भारतातला, विशेषतः आदिवासींमधला सिकलसेल सौम्य असतो हे वाक्य पाठ्यपुस्तकांत आणि आमच्या डोक्यात पक्कं बसलं.

धाकटीच्या कागदावर एफ होता 32 टक्के. थोरल्याचा 23. तिचा तर त्याच्याहून चांगला, असं माझ्या मनाने घेतलं.

यात चूक काय, हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी झटकन सांगितलं असतं. तिचं वय आठ महिने. निरोगी बाळात एफ वर्षाच्या आत जवळजवळ नाहीसा होतो; एसएसच्या बाळात तो फार हळू उतरतो आणि पाच वर्षांपर्यंत, कधी त्यानंतरही उतरतच राहतो. म्हणजे माझ्या हातात होता तो उतरणीवरचा एक आकडा, आणि मी तो मुक्कामाचा आकडा म्हणून वाचला. थोरल्याचे 23 हे आठ वर्षांनी शिल्लक राहिलेले 23 होते. या दोघांची तुलना करणं म्हणजे श्रावणातल्या विहिरीचं पाणी वैशाखातल्या विहिरीशी तोलणं.

दुसरंही एक आहे. तो टक्का सरासरी असतो. नंदुरबार जिल्ह्याच्या पावसाची सरासरी काढली तर आकडा बरा दिसतो, पण तोरणमाळला धुवांधार असताना खाली सपाटीवरच्या गावात पिकं वाळत असतात. एफचंही तसंच. तो काही पेशींत भरपूर असतो, काहींत जवळपास नसतो, आणि ज्या पेशीत नाही ती वाकायची ती वाकतेच.

त्याच कागदावर पांढऱ्या पेशी 16,400 होत्या. बाळाला ताप नव्हता, खोकला नव्हता. तिकडे मी पाहिलंच नाही.

चौदावा महिना

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, रात्री साडेनऊच्या सुमाराला 108 ची गाडी आली. घाटातून जवळपास तीन तास लागले होते. आईच्या कुशीत मुलगी होती, पण मान टाकलेली. अहिराणी बोलणाऱ्या आमच्या सिस्टर तिला उचलताच म्हणाल्या, “डॉक्टर, पोर पार पांढरी पडेल शे.” तळहात, ओठ, पापण्यांच्या आतली बाजू, कुठेच लाली नव्हती. नाडी 180. पोटावर हात ठेवला तर डाव्या बरगडीखालून एक टणक गोळा थेट बेंबीपर्यंत आलेला. पाणथरी.

पाणथरीला पुस्तकात प्लीहा म्हणतात. वाकड्यातिकड्या झालेल्या पेशी तिच्यात अडकतात. कधी कधी, बऱ्याचदा एखाद्या साध्या तापानंतर, ती अचानक दार लावून घेते आणि अंगातलं रक्त तासाभरात तिच्यातच साठत जातं. बाहेर एक थेंब सांडत नाही, तरी मूल रक्तस्रावाने मरावं तसं मरतं. एप्रिलमध्ये हिचं हिमोग्लोबिन 8.9 होतं. त्या रात्री 3.4.

रक्तपेढीतून पिशवी यायला दीड तास लागला. तोवर सलाइनच्या लहान मात्रांवर तिला धरून ठेवलं. रक्तही थोडंथोडं द्यावं लागतं, कारण पाणथरी सैल झाली की अडकलेलं रक्त परत अंगात येतं आणि मग रक्त जास्त घट्ट होण्याचा धोका. पहाटे चारला तिने डोळे उघडून दूध मागितलं. मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. एप्रिलमधली ती चटई, आमचूरचा वास आणि माझा “हो” आठवत होता.

सकाळी मी पहिल्यांदा नीट विचारपूस केली. आधीच करायला हवी होती. कळलं की अकराव्या महिन्यात, आषाढात, मुलीचे दोन्ही हात आणि एक पाऊल सुजून तट्ट झालं होतं. बोटं वांग्यासारखी फुगलेली, हात लावू देईना. जवळच्या दवाखान्यात कुणीतरी मुका मार समजून औषध दिलं, चार दिवसांत सूज उतरली. लाल कार्ड घरी फडताळात होतं. ते कुणी मागितलं नाही, आणि सुजलेल्या हातांचा त्या कार्डाशी काही संबंध आहे हे आईला मी सांगितलं नव्हतं.

मग मी विचारलं, थोरला आणि धाकटी यांच्यात सात वर्षांचं अंतर कसं?

आई गप्प राहिली. वडील म्हणाले, मध्ये एक पोरगा होता. बारडोलीकडे ऊसतोडीला असताना गेला. तेरा महिन्यांचा होता. काय झालं होतं? “ताप आला. अंगात रक्तच राहिलं नाही. पांढरा झाला. सकाळी गाडी मिळायची होती.”

पोट फुगलं होतं का, हे मी विचारलं नाही. आईनेच नवऱ्याच्या बाजूला बसून आपल्या डाव्या कुशीवर हात ठेवला.

मोजणीत न आलेलं मूल

आदिवासी भागातला सिकलसेल सौम्य, हे आपण कुणाला पाहून म्हणतो? जे दवाखान्यात येतात, शिबिरात रांगेत उभे राहतात त्यांना पाहून. म्हणजे जे जगले त्यांना. तेरा महिन्यांचा तो मुलगा कुठल्याच रजिस्टरमध्ये सिकलसेलचा रुग्ण म्हणून नाही. त्याची तपासणीच झाली नव्हती. तापाने गेला, एवढंच. थोरला जगला, म्हणून तो या घराचा नमुना ठरला आणि मी धाकटीला त्याच्या मापाने मोजलं. घरात एसएसची तीन मुलं होऊन गेली असण्याची दाट शक्यता होती, त्यांतलं एक सौम्य. मी फक्त तेच पाहिलं, कारण पाहायला तेवढंच उरलं होतं.

दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात नवजात बाळांची तपासणी करून त्यांचा जन्मापासून पाठपुरावा केला गेला, तेव्हा सौम्य समजल्या जाणाऱ्या या आजाराची तऱ्हा मुलागणिक वेगळी निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी 2012 मध्ये हायड्रॉक्सियुरिया या औषधाबद्दल जे लिहिलं, त्यातली मुलं एफ चांगला असूनही तीव्र आजाराची होती. हे मी वाचलेलं होतं. पण समोर बसलेल्या आईला दिलासा देण्याची घाई वाचलेल्यावर मात करते.

एका आईबापांची दोन मुलं

मुलगी सावरल्यावर मला या कोड्याने पछाडलं. थोरला इतका ठीक आणि धाकटी अशी का?

पहिली शंका निदानाचीच. थोरल्याच्या लाल पेशी आकाराने फार लहान होत्या, एमसीव्ही 66. एसएसमध्ये पेशी इतक्या लहान दिसल्या की आईबापांपैकी एकाकडून सिकल आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमिया, म्हणजे बीटा ग्लोबिन कमी बनवणारा दोष, आला असेल असं वाटतं. एचपीएलसीच्या आलेखावर हे दोन प्रकार जवळपास सारखे दिसतात. पण इथे आईबाप दोघांचे कागद हाताशी होते आणि दोघे स्वच्छ एएस होते. म्हणून मुलाचे निदान एकट्या त्याच्या कागदावर करू नये, आईबापांचे कागद शेजारी ठेवावेत.

दोघेही एएस असणं आणखी एक गोष्ट सांगतं, आणि ती मला फार मोलाची वाटते. प्रत्येक वाहकाकडे सिकलचं जनुक असलेलं अकरावं गुणसूत्र एकच असतं. दोन्ही मुलं एसएस, म्हणजे दोघांना बापाकडून तेच गुणसूत्र मिळालं आणि आईकडून तेच. एक्सएमएन-वनचा बदल त्या जनुकाच्या शेजारीच असल्यामुळे तोही दोघांत सारखाच. थोडक्यात, ज्या गोष्टीवर विसंबून मी आदिवासी सिकल सौम्य म्हणत होतो ती भावंडांत तंतोतंत एक होती. फरक दुसऱ्या कुठल्यातरी गुणसूत्रावर असायला हवा, किंवा शरीराबाहेर.

धागा बापाच्या कागदावर सापडला. वाहकाच्या रक्तात एस साधारण चाळीस टक्क्यांच्या जवळ असतो. याचा 28 होता. आईचा 34. वाहकाचा एस इतका खाली असला की दोन गोष्टी मनात याव्यात : लोहाची कमतरता किंवा अल्फा थॅलेसेमिया. अल्फा ग्लोबिनची चार जनुकं सोळाव्या गुणसूत्रांच्या जोडीवर असतात, दोन इकडे, दोन तिकडे. एखाददुसरं गळालेलं असणं, म्हणजेच अल्फा थॅलेसेमिया, आपल्या आदिवासी समाजांत पुष्कळदा आढळतं आणि एरवी त्याने काही बिघडत नाही. एसएसच्या मुलात मात्र त्याने पेशीत हिमोग्लोबिन कमी दाटतं, पेशी कमी फुटतात, हिमोग्लोबिन टिकतं.

नमुने मुंबईला पाठवले. अहवाल तीन महिन्यांनी आला. थोरल्याची दोन अल्फा जनुकं गळालेली होती, धाकटीचं एक. त्याशिवाय एफवर ताबा ठेवणारी इतर जनुकंही असतात, दोन क्रमांकाच्या गुणसूत्रावरचं बीसीएल-इलेव्हन-ए हे त्यांतलं सगळ्यांत महत्त्वाचं. ती आम्ही तपासली नाहीत.

अहवाल आल्यावर समाधान वाटलं हे खरं. पण हा अहवाल एप्रिलमध्ये माझ्या हातात असता तरी मी काय वेगळं केलं असतं? अल्फा थॅलेसेमियाने रक्तक्षय आणि मेंदूच्या झटक्याचा धोका कमी होतो, पण हाडांच्या दुखण्याचे झटके कमी होत नाहीत. खुब्याचं हाड झिजण्याचा धोका उलट वाढतो. म्हणजे ज्या थोरल्याला मी सौम्य म्हणत होतो, त्याला पुढे लंगडत चालावं लागणार नाही याची हमी तो कागद देत नाही. तीव्रता ही एकच चीज नाही. पाणथरीची तीव्रता वेगळी, मेंदूची वेगळी, हाडांची वेगळी.

पुस्तकातले अंदाज

मुलांच्या बाबतीत तीव्रता आधीच ओळखण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीन खुणा पुढे आल्या : वर्षाच्या आत हातापायांची सूज, दुसऱ्या वर्षात हिमोग्लोबिन सातच्या खाली, आणि संसर्ग नसताना वाढलेल्या पांढऱ्या पेशी. आमच्या मुलीत यांतल्या दोन खुणा पहिल्या वर्षातच हजर होत्या, आणि मी एफकडे बघत बसलो होतो. पण याच खुणा 2008 मध्ये डॅलसच्या मुलांवर पडताळून पाहिल्या तेव्हा त्यांच्या भरवशावर एकेका मुलाचं भविष्य सांगता येत नाही असं दिसलं. शंभर मुलांच्या गटाबद्दल त्या काही सांगतात, मांडीवरच्या या एका मुलीबद्दल फार थोडं.

ज्या अंदाजाने खरोखर जीव वाचवले तो मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा. डोक्याच्या कडेला डॉपलर लावून रक्ताचा वेग मोजतात. सेकंदाला 200 सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर झटक्याचा धोका मोठा. 1998 मध्ये दिसून आलं की अशा मुलांना नियमित रक्त दिलं तर पहिला झटका येण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटतं. त्यात ताकद आहे ती आकडा कळल्यावर करण्याजोगं काहीतरी हातात असण्याची. धाकटीचं डॉपलर दोन वर्षं पूर्ण झाल्यावर नाशिकला करून घेतलं. वेग 158, ठीक.

आता संगणकाला शेकडो रुग्णांची माहिती देऊन तीव्रतेचा गुणांक काढण्याची कामं होत आहेत. मला त्यांचं स्वागतच आहे. माझी एकच विनंती : आमच्याकडचा गुणांक काढाल तेव्हा रक्तपेढी किती तासांवर आहे आणि कुटुंब वर्षाचे किती महिने उसाच्या फडात असतं, हे दोन रकाने धरा. एफच्या टक्क्याइतकंच वजन त्यांना आहे. तेरा महिन्यांचा तो मुलगा पाणथरीने गेला तितकाच सकाळच्या गाडीने गेला.

करदोडा

जमैकात ग्रॅहम सार्जंट यांच्या गटाने 1973 पासून एक लाख बाळं जन्मताच तपासली आणि सिकलच्या मुलांना वर्षानुवर्षं सोडलं नाही. तिथे त्यांनी आयांना मुलाची पाणथरी हाताने चाचपायला शिकवलं. पाणथरीच्या झटक्याने दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण त्यानंतर जवळपास एक दशांशावर आलं. ना यंत्र, ना जनुकांची तपासणी.

मुलीला घरी सोडण्याआधी आम्ही हेच केलं. माझ्या मनात खुणा केलेली लाकडी पट्टी द्यायची होती. आईने पट्टी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि बाजूला ठेवली. मुलीच्या कमरेला काळा करदोडा होता. तिने मुलीला आडवं झोपवलं, गुडघे दुमडले, बोटं ओली करून डाव्या बरगडीखाली हलकेच टेकवली आणि बरगडीपासून करदोड्यापर्यंतची जागा बोटांनी मोजून दाखवली. पाच बोटं. त्या दिवशी पाणथरी दोन बोटांवर होती. मग आम्ही तिच्याच मापात ठरवलं : रोज सकाळी दूध पाजण्याआधी बघायचं. तीन बोटं झाली तर फोन करायचा. करदोड्याला टेकली तर फोनसुद्धा करत बसायचं नाही, मिळेल त्या गाडीने मोठा दवाखाना गाठायचा. लाल कार्डाला मी गुजरातीत लिहून घेतलेली एक चिठ्ठी टाचली, कारण दिवाळी झाली की ते सीमेपलीकडे जाणार होते.

पेनिसिलिन रोज दोन वेळा सुरू केलं, पाच वर्षांची होईपर्यंत. हे खरं तर दुसऱ्या महिन्यापासून द्यायचं असतं. अशा मुलांना न्यूमोकोकस हा जंतू फार लवकर गाठतो. पेनिसिलिनने तो संसर्ग 84 टक्क्यांनी घटतो हे 1986 पासून माहीत आहे. न्यूमोकोकसची लस आता सरकारी लसीकरणातच आहे, ती तिला मिळालेली होती.

जानेवारीत फोन आला. ऊसतोड मुकादमाचा मोबाइल, पलीकडे वडील. आम्ही बारडोलीच्या दवाखान्यात आलोय, पोरीला दाखल केलंय, हे घ्या डॉक्टरांशी बोला. आईला पहाटे फडावर निघण्याआधी पाणथरी करदोड्यापाशी लागली. मुलगी तेव्हा हसत होती, ताप नुकताच चढू लागला होता. हिमोग्लोबिन 6.1. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, लगेच रक्त लावलं. चौथ्या दिवशी सुट्टी.

3.4 आणि 6.1 यांच्यातलं अंतर त्या बाईच्या बोटांचं आहे.

दोनदा झटका आल्यावर पाणथरी काढण्याचा विचार करावाच लागतो. पण इतक्या लहान वयात ती काढली तर संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून आम्ही थांबलो आणि होळीनंतर हायड्रॉक्सियुरिया सुरू केलं. हे औषध एफ वाढवतं. कॅप्सूल 500 मिलिग्रॅमची, मुलगी नऊ किलोची. त्यामुळे कॅप्सूल दहा मिलिलिटर पाण्यात विरघळवून सिरिंजने दोन मिलिलिटर द्यायची, उरलेलं टाकून द्यायचं, दर महिन्याला रक्ताची तपासणी. पाड्यावर हे जमेल का, अशी शंका आमच्यातल्या काहींनी काढली होती. जमलं. तपासणीला यायला एसटीचा प्रवास सिकलच्या रुग्णाला मोफत आहे, हेही त्यांना तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

“ही कुणासारखी?”

जुलैत आई पाचव्या महिन्यात असल्याचं समजलं. पहिली धावपळ औषधाची : गरोदर बाईने हायड्रॉक्सियुरियाची पूड हाताळू नये. त्या दिवसापासून कॅप्सूल वडिलांकडे गेली. मग पोटातल्या बाळाचं बोलणं निघालं. प्रत्येक खेपेला एसएसची शक्यता चारात एक. दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा तुकडा घेऊन ती तपासता येते, ती वेळ टळून गेली होती. गर्भजलाची तपासणी करायची असेल तर आठवड्याभरात मुंबई गाठायला हवी होती. मी सगळं सांगितलं, आशाताईंनी पावरीत पुन्हा सांगितलं. नवराबायकोने बराच वेळ आपसांत बोलून घेतलं आणि मला उलट प्रश्न केला. समजा एसएस निघालं, तर ते थोरल्यासारखं की धाकटीसारखं, हे त्या तपासणीत कळेल का?

पुन्हा तोच प्रश्न, जेमतेम सव्वा वर्षापूर्वी विचारलेला. या वेळी मी म्हणालो, नाही कळणार. एसएस आहे की नाही एवढं कळेल. अल्फाची जनुकं किती गळाली तेही कळू शकेल. पण धाकटीसारखं निघेल असं धरूनच आपण पहिल्या दिवसापासून चालायचं, आणि थोरल्यासारखं निघालं तर आनंद मानायचा.

त्यांनी तपासणी नको म्हटलं. तो निर्णय त्यांचा होता आणि मी त्याचा मान राखला.

मोहीम आणि घर

1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन हे तिचं उद्दिष्ट. मोहिमेमुळेच या घराला कार्डं मिळाली, याबद्दल मला कृतज्ञता आहे. पण कार्ड देणारा मीच होतो आणि कार्डाबरोबर मी फक्त एक अंदाज दिला होता, तोही चुकीचा. आता आमच्याकडे एसएसचा कागद द्यायचा तर तिथेच, आंब्याखाली का होईना, आईचा हात बाळाच्या पोटावर ठेवून घेतल्याशिवाय कागद देत नाही. वेळ लागतो. एका दुपारी वीस घरं व्हायची तिथे सहा होतात. आणि एक प्रश्न कधी चुकवत नाही : या घरातलं कुठलं मूल लहानपणी गेलं का, कुठल्या वयात, रंग कसा झाला होता?

या प्रश्नाला पहिल्या खेपेला बहुतेक जण नाही म्हणतात. मी थोडं थांबतो.

बाळ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, दवाखान्यातच जन्मलं. मुलगी. त्या वर्षी ते ऊसतोडीला गेले नाहीत. आगाऊ उचल घेतली नव्हती म्हणून जमलं. टाचेतून घेतलेल्या थेंबाचा कागद आला : एफ आणि एस, ए नाही. मी कागद घेऊन वॉर्डात गेलो तेव्हा थोरला पायरीवर बसून धाकटीला बोरं सोलून देत होता. तिचं हिमोग्लोबिन आता 9.2 वर टिकलं होतं, पाणथरी दीड बोट.

मी आईला सांगितलं. ती काही बोलली नाही. बाळाच्या कमरेला अजून काही बांधलेलं नव्हतं. तिने धाकटीला जवळ बोलावलं, तिचा हात धरून बाळाच्या डाव्या बरगडीखाली टेकवला आणि पावरीत काहीतरी सांगू लागली. सिस्टरांनी विचारलं, काय शिकवतेय. आशाताई म्हणाल्या, “बोटं ओली कर, म्हणतेय.”